फळझाडांची रोपवाटिका : परवाना आधी, कलमे नंतर

शेतकरी बंधूंनो, चितेगाव परिसरात पैठण रस्त्यालगत रोपवाटिका काढावयाची असल्यास एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. शोभेची झाडे विकणे वेगळे आणि मोसंबी, आंब्याची कलमे विकणे वेगळे. फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी महाराष्ट्रात 1969 चा अधिनियम असून त्याखाली कृषी विभागाचा परवाना लागतो. चौकशी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात करावी.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? मोसंबीचे कलम नुसते पाहून खुंट जंबेरीचा की रंगपूर लिंबाचा, डोळा कोणत्या झाडाचा, हे गिऱ्हाइकाला ओळखता येत नाही. चूक कळते ती चौथ्या-पाचव्या वर्षी, बहार धरताना. तोवर पाणी, खते, मजुरी सारे खर्ची पडलेले असते. काही विषाणूरोग तर डोळ्याबरोबरच येतात. म्हणून मातृवृक्ष, खुंट, डोळा भरल्याची तारीख व विक्री यांची नोंदवही रोजच्या रोज लिहावी. मातृवृक्ष स्वतःचे नसल्यास डोळकाडी बदनापूरच्या मोसंबी संशोधन केंद्रासारख्या खात्रीच्या ठिकाणाहून घ्यावी व पावती जपावी. अनुदानाच्या फळबाग योजनांत कलमे शासकीय, कृषी विद्यापीठाच्या वा परवानाधारक रोपवाटिकेतूनच घ्यावी लागतात. विनापरवाना रोपवाटिकेकडे हे गिऱ्हाईक फिरकत नाही.

कारखान्यांच्या आवारात बाग करून देण्याचे काम घेतल्यास करार लेखीच करावा. मेलेली झाडे कोणी बदलून द्यावयाची, हे त्यात लिहावे. रोपांवर जीएसटी नाही, बागकामाच्या सेवेवर मात्र आहे. वर्षाची एकूण उलाढाल 20 लाख रुपयांवर गेल्यास नोंदणी करावी लागते आणि त्या उलाढालीत रोपांची विक्रीही धरतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.