फटीत कापूस ठोकण्याची कृती

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका बोटयार्डात माझी सहा महिन्यांची प्लेसमेंट होती. बोट १९३०च्या दशकातली, संपूर्ण लाकडी. जहाजबांधणी शिकताना संगणकावर बोटींचे सांगाडे पुष्कळ काढले होते. इथे पहिल्या दिवशी हातात एक लोखंडी आकडा दिला आणि बोटीच्या पोटाखाली बसवलं. अशा कामावर कुणी जाणार असेल तर त्याच्यासाठी हे लिहून ठेवतो.

काम सांगायला सोपं. फळीला फळी भिडवून बांधलेल्या बोटीत दोन फळ्यांमधली फट आतून मिटलेली आणि बाहेरून उघडी असते, पाचरीसारखी. तिच्यात कापूस ठोकून बसवायचा. इंग्रजीत याला कॉकिंग म्हणतात. आपल्या जुन्या खलाशांचा शब्द कालापत्ती, तो पोर्तुगीज कालाफातेवरून आला.

साहित्य : सैल पेळाचा कापूस, जवसाचं तेल, खडूची पूड, शेंदूर, लांब डोक्याची लाकडी मोगरी आणि बोथट पटाशीसारखी दोन-तीन लोखंडं. मोठ्या जहाजांना कापूस पुरत नाही, तिथे डांबरात माखलेला ताग किंवा अंबाडीसारखा धागा लागतो. एके काळी तो जुने दोर पिंजून काढत, आणि ते पिंजण्याचं काम इंग्लंडच्या तुरुंगांत कैद्यांच्या माथी मारलेलं असे. शेंदूर तोच, मारुतीला तेलात कालवून लावतात तो. घरून निघाल्यावर पहिल्यांदा ओळखीचं काही दिसलं ते हे. पण शेंदूर म्हणजे शिसं. हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय डबा उघडायचा नाही, जुना रंग कोरडा घासायचा नाही, आणि हात धुतल्याशिवाय सँडविचला शिवायचं नाही.

आधी फोटो काढायचे, फळ्यांना खडूने नंबर घालायचे. मग आकड्याने जुनी लांबी (पुट्टी) आणि कापूस उपसायचा. यात दोन आठवडे जातात आणि कुणी कौतुक करत नाही. आकडा फटीच्या रेषेतच ओढायचा. जरा तिरका गेला की फळीची कड चिरते, आणि चिरलेल्या कडेत कापूस धरत नाही. मी पहिल्याच दिवशी बोटभर कड खाल्ली. तिथे सुताराला लाकडाचा तुकडा डकवावा लागला.

फट साफ झाली की आतून पातळ रंगाचा हात द्यायचा. कोरडं लाकूड लांबीतलं तेल पिऊन टाकतं, मग लांबी भुसभुशीत होते. शेडमध्ये हीटर असेल तर बोटीपासून लांब ठेवायचा. लाकूड वाळलं की फटी रुंदावतात आणि आपण भसाभस कापूस भरत सुटतो. हीच चूक पुढे महागात पडते.

आता खरं काम. कापसाचा पेळ फटीवर धरायचा आणि लोखंडाच्या टोकाने त्याचे लहान लहान वेढे आत खोचत जायचं, धोतराच्या निऱ्या खोचाव्यात तसे. फट रुंद असेल तिथे वेढा मोठा आणि दाट, अरुंद असेल तिथे पेळ जवळजवळ सरळ. हातभर खोचून झालं की मागे येऊन मोगरीने ठोकायचं. मोगरीच्या डोक्याला आरपार खाचा असतात, त्यामुळे ती वाजते. कापूस सैल असतो तोवर आवाज भद्द येतो. बसला की टणक होतो, वर चढतो. तिथे हात थांबला पाहिजे.

माझा थांबत नव्हता. भारतातून आलोय, कामचुकार वाटायला नको, म्हणून जोर लावत होतो. यार्डातल्या म्हाताऱ्या कारागिराने (त्याला सर म्हटलेलं चालत नसे) मला बोटीच्या आत नेलं. फटीतून माझा कापूस दाढीसारखा बाहेर लोंबत होता. तो म्हणाला, "अर्धं काम पाण्याचं आहे. त्याला जागा ठेव." लाकूड पाण्यात फुगतं आणि फट स्वतःच आवळते, आधीच ठासून भरली असेल तर फुगणारी फळी फासळ्यांपासून सुटते, खिळे ताणले जातात. वाराभर कापूस मी उपसून पुन्हा भरला. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली सागवानात बांधलेलं ट्रिंकोमाली जहाज आजही हार्टलपूलला तरंगतंय, हे तो दुपारच्या चहाला मला सांगत होता. मला माहीत नव्हतं.

कापूस पृष्ठभागाच्या पाच-सहा मिलिमीटर आत बसला पाहिजे. त्यावर पुन्हा रंगाचा हात, आणि तो वाळल्यावर लांबी : खडूची पूड आणि शेंदूर जवसाच्या तेलात कणकेसारखं मळायचं. सुरीने दाबून भरायचं. पाण्याखाली राहणाऱ्या भागात लांबी किंचित खोलगट ठेवायची, कारण फळ्या फुगल्या की ती बाहेर ढकलली जाते. सपाट भरली तर पुढच्या वेळी बोट वर काढल्यावर पोटभर लाल वळ्या दिसतात आणि त्या आपल्यालाच तासाव्या लागतात.

बोट पाण्यात उतरवताना क्रेनचे पट्टे लगेच सोडायचे नाहीत. पंप लावून ठेवायचा. पहिल्या रात्री पाणी येतंच, चांगलं घोट्यापर्यंत. घाबरून आतून काही भरायला जायचं नाही. दर दोन तासांनी पंप किती मिनिटं चालला ते वहीत लिहायचं. आमच्या वहीत पहिल्या रात्री अकरा मिनिटं होती, दुसऱ्या रात्री चार, तिसऱ्या दिवशी दुपारी एकसुद्धा नाही. पट्टे त्यानंतर सोडले.