गर्व : चांगल्या कामात लपलेले पाप



चोरी, खोटे बोलणे, व्यसन ही पापे आपल्याला लगेच ओळखू येतात. गर्वाचे तसे नाही. तो मिस्साला येतो, गुडघे टेकतो, उपास करतो, वर्गणीही देतो. प्रभू येशूच्या दाखल्यातला परूशी (लूक 18:9-14) खोटे बोलत नव्हता. तो खरोखर उपास करीत होता, खरोखर दशांश देत होता. पण देवापुढे उभा राहून तो स्वतःकडेच पाहत होता, आणि मागे उभ्या असलेल्या जकातदाराला तुच्छ लेखत होता. म्हणून इतकी प्रार्थना करूनही तो रिकामाच घरी गेला.

पोप संत ग्रेगरी (कारकीर्द 590-604) यांनी गर्वाची चार रूपे सांगितली. 13व्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी त्यांचेच विवेचन केले.

1. माझ्यातले चांगले ते माझ्यामुळेच, असे मानणे.
2. ते देवाने दिले, पण माझ्या लायकीमुळे दिले, असे मानणे.
3. अंगी नसलेल्या गुणांची बढाई मारणे.
4. इतरांना कमी लेखून आपले वेगळेपण मिरवणे.

तिसरे रूप चारचौघांत लगेच उघडे पडते. देवभीरू माणसाला गाठते ते दुसरे. ‘देवाने आमचे भले केले’ असे आपण तोंडाने म्हणतो. ‘कारण आम्ही तसे वागलो’ हे मनात असते. मग ज्याची कपाशी बुडाली, ज्याच्या घरात आजार आहे, ज्याच्या दारी सावकार येतो, त्याच्यातच काही खोट असेल असे वाटू लागते. आपल्या जिल्ह्याने कर्जापायी किती घरे उजाड झालेली पाहिली आहेत. असा शेजारी आपल्याकडे मदत मागायला का कचरतो? अनेकदा आपली नजरच त्याला दारातून परत पाठवते. गर्वाचा खरा धोका हा आहे. तो आपल्याला देवापासून तोडतो आणि शेजाऱ्यालाही एकटे पाडतो.

यावर उपाय काय? प्रभूने तो शब्दांनी नव्हे, कमरेला रुमाल बांधून शिकवला. त्याने शिष्यांचे पाय धुतले (योहान 13:1-15). आपल्या सेवाग्राम आश्रमात परचुरे शास्त्री यांची कुटी आहे. ते संस्कृतचे विद्वान होते. त्यांना कुष्ठरोग झाला. समाज ज्या रोग्यांची सावलीही टाळत असे, त्यांच्यापैकी एकाला गांधीजींनी आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांना मालीश केले. दुसऱ्याच्या जखमेजवळ वाकल्याशिवाय नम्रता शिकता येत नाही.

पण सेवेचाही गर्व होतो, हे विसरू नये. पेत्र प्रथम पाय धुऊन घ्यायला तयार नव्हता. देणे जमते, घेणे जमत नाही, तेव्हाही मनात ‘मी’च बसलेला असतो. परचुरे शास्त्रींनी सेवा स्वीकारली, हीसुद्धा नम्रताच.

या आठवड्यात पापनिवेदनाला येण्यापूर्वी आपण स्वतःला तीन प्रश्न विचारू या :

- कोणाच्या दुःखाला आपण ‘त्याच्या कर्माचे फळ’ म्हटले?
- कोणाशी आधी बोलणे आपल्याला कमीपणाचे वाटते?
- कोणाची मदत घेणे आपण टाळतो?

यांपैकी एका नावाच्या घरी पुढील रविवारपूर्वी जाऊन येऊ या. नम्रतेचे वरदान देणारा प्रभू आपल्याबरोबर असो.