हत्यार गेले, नोंद राहिली

2019 च्या डिसेंबरात शस्त्र अधिनियमात दुरुस्ती होऊन एका परवानाधारकाजवळ तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे असावीत असा दंडक आला, आणि उरलेले शस्त्र वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याचे फर्मान त्यासोबतच निघाले, तेव्हा वडिलार्जित बाराबोरची बंदूक, नेमबाजीची .22 रायफल आणि वेब्ली अँड स्कॉट या बर्मिंगहॅमच्या कारखान्याचे .32 बोरचे रिव्हॉल्व्हर अशी तीन हत्यारे बाळगणाऱ्या, परंतु नामांकित खेळाडूंना मिळणाऱ्या सवलतीस पात्र नसलेल्या माझ्यासारख्या सामान्य शौकिनास त्यांपैकी एकाचा निरोप घेणे क्रमप्राप्त झाले. बंदूक शेतावर लागत होती आणि रायफलीवाचून रविवार सुना गेला असता. राहता राहिले रिव्हॉल्व्हर. ते ठाण्याच्या कोठारात गंजू देण्यापेक्षा जाणकाराच्या हाती जावे, असा विचार मी केला. शिवाय खासगी आयातीचा मार्ग 1980 च्या दशकात बंद झाल्यापासून जुन्या विलायती हत्यारांना जी किंमत आली आहे, तिचा मोह मला अजिबात नव्हता असे म्हणणे खरेपणाचे होणार नाही.

गिऱ्हाईक शोधावे लागले नाही. बालेवाडीच्या नेमबाजी केंद्रात स्पर्धा पाहताना परिचय झालेला, शेजारच्या जिल्ह्यातील एक तरुण, ज्याला वेब्लीची प्रत्येक घडण तोंडपाठ होती आणि जो नळीत डोकावण्यापूर्वी चक्र उघडून रिकामे असल्याची खात्री करून घेण्याइतका शिस्तीचा होता, तो आपण होऊन घरी आला. समानशील माणसाविषयी आपल्या मनात जी आपुलकी उपजते तीच अशा व्यवहारातील पहिली अडचण होय; कारण ज्याच्याशी तासन्‌तास गोळीच्या वजनाची चर्चा केली, त्याच्याजवळ अस्सल परवाना मागताना जीभ अडखळते. त्याने छायाप्रत पुढे केली. मी अस्सल पुस्तिकाच पाहण्याचा आग्रह धरला आणि त्यामागे संशय नव्हता, कायदा होता: घेणारा इसम ते शस्त्र बाळगण्यास हक्कदार आहे याची आधी खातरजमा न करता ते त्याच्या हवाली करणे हा कलम 29 अन्वये देणाऱ्याचा अपराध ठरतो. पुस्तिकेत नाव आणि छायाचित्र जुळले, बोर जुळला, क्षेत्रमर्यादाही पुरेशी होती. मात्र शस्त्र खरेदी करण्याची जी मुदत परवान्यावर लिहिलेली असते, ती उलटून गेली होती. त्या बिचाऱ्याच्या हे ध्यानीही नव्हते. परवाना जिवंत आहे म्हणजे खरेदीचा अधिकारही जिवंत आहे, असे बहुतेकांना वाटते, आणि छायाप्रतीत ते पान सहसा नसते. मुदतवाढ घेऊन तो परत येईपर्यंत आमचे बोलणे तेथेच थांबले.

त्याच सुमारास मी माझ्या हत्याराच्या सांगाड्यावरील क्रमांक भिंग घेऊन परवान्याशी ताडून पाहिला, तो कुण्या जुन्या कारकुनाने 3 च्या जागी 8 लिहिलेला आढळला. इतकी वर्षे नूतनीकरणाचे शिक्के त्या चुकीवर बिनदिक्कत उमटत आले होते. ती दुरुस्त करून घेतल्यावाचून विक्री केली असती, तर कागदोपत्री विकलेले शस्त्र आणि प्रत्यक्ष दिलेले शस्त्र ही दोन भिन्न शस्त्रे ठरली असती.

खासगी विक्रीला आपल्याकडे बंदी आहे, हा समज चुकीचा आहे. स्वतःच्या वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेले शस्त्र, विक्रेत्याचा परवाना नसतानाही, दुसऱ्या हक्कदार व्यक्तीस विकण्याची मुभा कलम 5 देते. मात्र तत्पूर्वी जिल्हादंडाधिकाऱ्यास किंवा नजीकच्या पोलीस ठाण्याच्या अंमलदारास घेणाऱ्याचे नाव व पत्ता यांसह लेखी इत्तला द्यावी लागते, आणि त्यानंतर निदान 45 दिवस लोटावे लागतात. काडतुसे सोबत द्यायची असतील तर तीही त्याच पत्रात मोजून लिहावीत. ही मुदत म्हणजे मामुली उपचार आहे असे मानणाऱ्यांत आमचा तरुण मित्रही होता. "काका, हे सगळे कागदी घोडे. हत्यार माझ्याकडे असू द्या, दिवस काय, भरतीलच," असे तो हसत म्हणाला. मी नकार दिला आणि काही काळ त्याचा रोष पत्करला. कलम 5 मोडून केलेल्या विक्रीस 2019 च्या त्याच दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांपासून आजन्म कारावासापर्यंत शिक्षा आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. ठाऊक झाल्यावर मात्र तो फिरून तसे बोलला नाही. असल्या नियमांना 'इंग्रजांचा वारसा' म्हणून नाके मुरडणारे आमच्या वर्तुळात पुष्कळ आहेत. लिटनच्या अमदानीतील 1878 च्या कायद्याने युरोपियनांना मोकळीक देऊन एतद्देशीयांवर परवान्याचे जोखड लादले, हे खरेच. परंतु सध्याचा कायदा 1959 चा, आपल्याच संसदेने केलेला आहे, आणि हातची बंदूक कोणाच्या हाती जाते हे सरकारला आगाऊ कळावे यात मला तरी जुलूम दिसत नाही.

मुदत भरल्यावर दोघांच्या सह्यांचा, क्रमांक व काडतुसांच्या संख्येसह दस्त झाला. रक्कम बँकेमार्फत घेतली. दोन लाख रुपये वा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे, आणि त्याखालच्या रकमेचाही माग राहिलेला बरा.

येथवर सर्व यथास्थित होते. खरा मनस्ताप पुढेच होता. विक्रीनंतर माझ्या परवान्यावरून रिव्हॉल्व्हर कमी करण्याचा अर्ज मी परवाना शाखेत दिला, पुस्तिकेवर तसा शेराही घेतला आणि निश्चिंत झालो. 2024 साली लोकसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली, शस्त्रे जमा करून घेण्याची नेहमीची लगबग सुरू झाली आणि ठाण्याचा हवालदार दारात येऊन म्हणाला, "साहेब, यादीत तुमच्या नावावर तीन हत्यारं दिसतात. दोनच कशी देता?" म्हणजे शाखेच्या दप्तरात ते रिव्हॉल्व्हर अजून माझेच होते, इतकेच नव्हे, तर दोनाहून अधिक शस्त्रे मुदतीनंतरही दडवून ठेवणारा असा मी त्या यादीवरून दिसत होतो. ज्या कायद्याचे पालन करण्यासाठी हत्यार विकले, त्याच कायद्याच्या उल्लंघनाचा आळ त्या हत्यारापायी यावा!

पुस्तिकेवरील शेरा दाखविला, तर त्याची रुजुवात दप्तराशी होईना. अखेरीस कामी आली ती बारनिशीत दिलेल्या अर्जाची नक्कल, जिच्यावर आवक क्रमांक, तारीख आणि गोल शिक्का स्पष्ट होता. तिच्या आधारे मूळ अर्ज एका गठ्ठ्यात सापडला आणि हेलपाटे घालता घालता नोंद एकदाची वजा झाली. शाखेतील गृहस्थ सौजन्याने वागले, एवढे नमूद केले पाहिजे. त्यांच्या आधीच्या माणसाची बदली झाली होती आणि पुस्तिकेवर शेरा मारणे व संगणकातील राष्ट्रीय नोंदीतून शस्त्र वगळणे ही दोन निराळी कामे होती. घेणाऱ्याच्या जिल्ह्यात ते त्याच्या नावे केव्हाच चढले होते. त्या नोंदीचे पान त्याने तातडीने पाठविले नसते, तर माझा खुलासा इतक्या लवकर मान्य झाला नसता. शौकिनांच्या स्नेहाचा उपयोग करावयाचा तो असा, मुदतीआधी हत्यार हवाली करण्यासाठी नव्हे.

ज्या वाचकांनी गेल्या काही वर्षांत एखादे शस्त्र विकले असेल, त्यांनी पुस्तिकेवरील शेऱ्यावर विसंबू नये; परवान्याच्या विशिष्ट ओळख क्रमांकावर आज कोणती शस्त्रे दाखल आहेत याची लेखी विचारणा आपल्या परवाना शाखेकडे करावी, आणि त्या विचारणेचीही शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरू नये.