रिमोट हातात घेण्याआधी : सराउंड साउंडचे मोड आणि आपला कॉमन हॉल

सोलापुरात 'डॉल्बी' हा शब्द लहान पोरालाही माहीत आहे. मिरवणुकीत ट्रॅक्टरवर रचलेली स्पीकरची भिंत म्हणजे डॉल्बी, आणि छातीत धडधडलं की डॉल्बी एकदम भारी! गंमत अशी की ज्या माणसाच्या नावावरून हा शब्द आला, त्याचं काम नेमकं उलट दिशेचं होतं. रे डॉल्बी हा अमेरिकन इंजिनीअर १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचा तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होता. १९६५ मध्ये त्याने लंडनला स्वतःची कंपनी काढली. तिचं पहिलं उपकरण टेपवरची सळसळ कमी करणारं होतं. म्हणजे मुळात डॉल्बी म्हणजे नको तो आवाज बाजूला सारून हवा तो नीट ऐकू देणं.

हा लेख त्या मूळच्या डॉल्बीबद्दल आहे, आणि निमित्त आहे आपल्या कॉमन हॉलमधला रिसीव्हर. त्याच्या रिमोटवर मोडची ही भली मोठी यादी आहे. रविवारी सिनेमा सुरू झाला की कोणीतरी रिमोट उचलतो, पाचही स्पीकर सारखे वाजेपर्यंत 'सराउंड'चं बटण दाबत राहतो आणि मग "आता बरोबर!" म्हणून बसतो. त्या मोडचं नाव असतं 'ऑल चॅनल स्टिरिओ'. पुढच्या गादीवरच्यांना मजा येते. मागच्या रांगेत मात्र मेसच्या मावशी शेजारच्याला विचारत असतात, "काय म्हणाला रे तो?" घरी कन्नड किंवा तेलुगू बोलणारे आपले काही ज्युनियर्स मराठी संवाद कानांनी पकडत पकडत समजून घेतात. तो धागा तुटला की ते मध्यंतराला उठून जातात. मोड चुकला की नुकसान होतं ते असं. म्हणून हा विषय फक्त ई अँड टीसीवाल्यांचा नाही.

आधी पाहा, आत काय येतंय

मोड निवडण्याआधी एकच प्रश्न विचारायचा : रिसीव्हरच्या आत किती चॅनल येत आहेत? उत्तर डिस्प्लेवर असतं. जुने सिनेमे मोनो, म्हणजे एकच चॅनल. गाणी आणि यूट्यूबवरचं बहुतेक सगळं स्टिरिओ, म्हणजे दोन. डीव्हीडी, ब्लू-रे आणि स्ट्रीमिंगवरच्या बऱ्याच नव्या सिनेमांना ५.१ चा ट्रॅक असतो : पुढे डावा, मधला, उजवा, मागे डावा, उजवा, आणि '.१' म्हणजे फक्त खर्जासाठीचा चॅनल. त्याची धाव साधारण १२० हर्ट्झपर्यंतच, म्हणून त्याला पूर्ण एक मोजत नाहीत. यातला मधला चॅनल सर्वांत महत्त्वाचा, कारण सिनेमातले बहुतेक संवाद तिथे असतात.

इथे एक नेहमीची मेख आहे. सिनेमा ५.१ आहे, तरी डिस्प्लेवर 'पीसीएम' आणि दोनच चॅनल दिसतात. असं झालं तर रिसीव्हरला दोष देऊ नका. बऱ्याचदा टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'पीसीएम' निवडलेलं असतं, आणि टीव्ही ५.१ चं स्टिरिओ करून पुढे पाठवतो. या घडीत '.१' चा खर्ज बहुधा टाकूनच दिला जातो. सेटिंग 'बिटस्ट्रीम' किंवा 'ऑटो' करा. डिस्प्लेवर 'डॉल्बी डिजिटल' किंवा 'डीटीएस' उमटलं की काम झालं.

मोडची तीन घराणी

नावं कितीही असली तरी मोड तीनच प्रकारचे.

पहिले, जसंच्या तसं वाजवणारे. 'डायरेक्ट', 'स्टिरिओ', 'डॉल्बी डिजिटल', 'डीटीएस'. जेवढे चॅनल आले तेवढेच बाहेर. 'डायरेक्ट' मध्ये टोन कंट्रोल वगैरे बाजूला राहतात, आणि बऱ्याच मॉडेल्सवर स्टिरिओ ऐकताना सबवूफरही बंद होतो. खर्ज गेला म्हणून घाबरू नये, 'स्टिरिओ' वर यावं.

दुसरे, पसरवणारे. दोन चॅनलमधून पाच काढून देणारे. १९८७ चं डॉल्बी प्रो लॉजिक, २००० मधलं प्रो लॉजिक टू, डीटीएसचं निओ सिक्स हे यातले. २०१४ नंतरच्या रिसीव्हरवर त्यांच्या जागी 'डॉल्बी सराउंड' आणि 'न्यूरल एक्स' ही नावं दिसतात.

तिसरे, सजवणारे. 'हॉल', 'स्टेडियम', 'जॅझ क्लब' वगैरे. यामाहाने १९८६ मध्ये डीएसपी-१ नावाचं यंत्र आणलं, तेव्हा खऱ्या सभागृहांत मोजलेले ध्वनीचे परावर्तन त्यात भरले होते. कल्पना सुंदर आहे. पण मूळ रेकॉर्डिंगमध्ये नसलेलं काहीतरी हे मोड वरून घालतात, हे लक्षात असू द्या. 'ऑल चॅनल स्टिरिओ' ही याच पंगतीत बसतो. डावं-उजवं उचलून मागेही तेच वाजवायचं, एवढंच त्याचं काम.

आता नियम सोपा होतो. आधी जसंच्या तसं, गरज पडली तर पसरवणारे, आणि सजवणारे सर्वांत शेवटी.

बेरीज-वजाबाकीचं गणित

दोनाचे पाच कसे होतात? ढोबळमानाने दोनच क्रिया. डाव्या आणि उजव्या चॅनलमध्ये जे समान आहे ते बेरजेत ठळक होतं, ते मधल्या स्पीकरला. दोन्हींत जे वेगळं आहे ते वजाबाकीत उरतं, ते मागे. स्टिरिओमध्ये संवाद किंवा गायकाचा आवाज साधारणपणे दोन्हीकडे सारखाच असतो, म्हणून तो मध्ये येतो. प्रेक्षकांचा गलका दोन्हीकडे वेगवेगळा असतो, म्हणून तो मागे जातो. क्रिकेट मॅच स्टिरिओत येत असेल तर प्रो लॉजिक टूच्या 'मूव्ही' मोडवर लावून बघा : कॉमेंट्री पडद्यापाशी, स्टेडियम पाठीमागे. कोणी हे हाताने केलेलं नाही, ही वजाबाकीची करामत आहे.

याची खरी परीक्षा मोनो सिनेमावर होते. आपल्या सोलापूरचंच उदाहरण घेऊ. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० मध्ये सोलापूरचा. १९३८ मध्ये ते वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांच्यावर व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला आणि मुख्य भूमिकाही स्वतःच केली. हा सिनेमा मोनो. आज तो दोन चॅनलवर आला तरी डावं आणि उजवं एकच. वजाबाकी शून्य! प्रो लॉजिक लावलं की सगळा आवाज मधल्या स्पीकरमधून येतो आणि मागचे गप्प बसतात. लगेच कोणीतरी ओरडतो, "मागचे बंद पडले!" बंद काही पडलेलं नाही. १९४६ मध्ये थिएटरमध्येही आवाज पडद्यामागूनच येत होता. यंत्र अगदी बरोबर चालू आहे.

पुढची गोष्ट आणखी मजेची. जुन्या प्रतीवरून डिजिटल करताना डाव्या आणि उजव्या चॅनलमधली खरखर थोडी वेगळी झाली असेल, तर संवादाची वजाबाकी शून्य होते पण खरखरीची होत नाही. मग मागच्या स्पीकरमधून फक्त खरखर ऐकू येते. अशा वेळी पसरवणारा मोड काढून टाका. रिसीव्हरवर 'मोनो मूव्ही' असेल तर तो एकदा ऐकून बघा, नाहीतर सरळ 'स्टिरिओ'.

मागच्या रांगेला काय ऐकू येतं

आता 'ऑल चॅनल स्टिरिओ' वर संवाद का हरवतो ते पाहू. समजा मागच्या रांगेतला श्रोता मागच्या स्पीकरपासून १ मीटरवर आणि पुढच्या स्पीकरपासून ७ मीटरवर आहे. फरक ६ मीटर. सोलापूरच्या एप्रिलमध्ये हवा ४० अंशांवर असताना ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५५ मीटर. म्हणजे पुढचा आवाज मागच्यापेक्षा सुमारे १७ मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन सारखे आवाज इतक्या थोड्या अंतराने आले की मेंदू त्यांना एकच समजतो आणि जो आधी आला त्याच दिशेला तो ठरवतो. परिणाम काय? नायक बोलतो पडद्यावर, आवाज येतो मानेमागून. त्यात आपली शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती. पाच स्पीकरांतून निघालेला एकच संवाद पाच ठिकाणांहून आपटून परत येतो, आणि शब्दांची टोकं बोथट होतात.

मोड बदलल्यावरही संवाद कमी वाटला तर सगळा व्हॉल्यूम वाढवू नका. चॅनल लेव्हलमध्ये जाऊन फक्त सेंटर २-३ डेसिबल वाढवा. मागच्या भिंतीवर दोन सोलापुरी चादरी भिंतीपासून थोडं अंतर सोडून, चुण्या पाडून टांगा. वरच्या पट्टीतला घुमारा त्यांनी थोडा कमी होतो. खर्जावर मात्र चादरीचा इलाज चालत नाही.

तरीही 'ऑल चॅनल स्टिरिओ' ला सरसकट नावं ठेवू नयेत. गॅदरिंगची प्रॅक्टिस, दांडिया, सगळे हॉलभर फिरत आहेत, अशा वेळी तोच योग्य. तिथे कोणाला दिशा नको असते, सगळीकडे सारखा ठेका हवा असतो.

गाणी ऐकताना

'सैराट' (२०१६) हा करमाळा तालुक्यात चित्रित झालेला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला सिनेमा. अजय-अतुल यांनी त्याच्या संगीतातला सिम्फनी ऑर्केस्ट्रा अमेरिकेत सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर रेकॉर्ड केला. त्या मोठ्या दालनाचा घुमारा वाद्यांबरोबर रेकॉर्डिंगमध्ये आलेलाच आहे. त्यावर आपण 'हॉल' मोड लावला, की एका दालनावर दुसरं दालन चढतं आणि व्हायोलिन्सचा लगदा होतो. गाण्याला आधी 'स्टिरिओ'. जास्त लोक बसले असतील तर प्रो लॉजिक टूचा 'म्युझिक' मोड, कारण त्यात 'सेंटर विड्थ' नावाची सोय आहे. तिने मधला आवाज डाव्या-उजव्यातही थोडा वाटता येतो.

रात्री दहानंतर

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. नियम राहू दे, वरच्या मजल्यावर कोणाचीतरी उद्या एम-३ असते! अशा वेळी 'नाइट मोड' वापरा. तो स्फोट, मारामारी दाबतो आणि हळू संवाद वर आणतो, म्हणजे कमी व्हॉल्यूमवरही शब्द कळतात. जुन्या रिसीव्हरवर तो डॉल्बीचा सिग्नल आत येत असेल तरच चालतो, हे ध्यानात ठेवा. आणि सबवूफर उतरवा. भिंत आणि स्लॅब पार करून जातो तो खर्जच, संवाद नाही.

रिसीव्हरशेजारी चिकटवायची चिठ्ठी

५.१ सिनेमा : 'डॉल्बी डिजिटल' किंवा 'डीटीएस', जे येईल ते.
स्टिरिओ सिनेमा, मॅच : प्रो लॉजिक टू, 'मूव्ही'.
जुना मोनो सिनेमा : प्रो लॉजिक, मागून खरखर आली तर 'मोनो मूव्ही' किंवा 'स्टिरिओ'.
गाणी : 'स्टिरिओ', गर्दी असेल तर 'म्युझिक'.
नाचगाणं : 'ऑल चॅनल स्टिरिओ'.
रात्री दहानंतर : 'नाइट मोड' आणि सबवूफर खाली.

आणि एक शेवटची विनंती. मोड ठरवणाऱ्याने पुढच्या गादीवर बसून ठरवू नये. सिनेमा सुरू झाल्यावर पाच मिनिटं मागच्या रांगेत, मावशींच्या शेजारी जाऊन उभं राहावं. तिथे प्रत्येक संवाद कळला, तर मोड बरोबर आहे. मग खुशाल पुढे येऊन बसावं.