टेबल टेनिसमधील बचाव : ‘चॉप’ फटक्याचा पाठ
(इयत्ता ५ वी ते ७ वी)

उद्देश.— शाळेत टेबल मांडले की मुलांचे मन प्रथम जोरकस फटक्याकडे धावते. दोन-चार धीट मुले टेबल अडवितात आणि बुजरी मुले भिंतीशी उभी राहून चेंडू वेचून देतात. बचावाच्या खेळास दांडगाईपेक्षा धीर, नजर व हाताचा हलकेपणा अधिक लागतो. म्हणून हा पाठ वर्गातील मागे राहणाऱ्या मुलामुलींसाठी विशेष उपयोगी आहे.

पूर्वपीठिका.— १९५२ साली मुंबईस जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. त्या काळी दाणेदार रबराची बॅट सर्वत्र रूढ होती. चेंडू बॅटवर आदळल्याच्या आवाजावरून प्रतिपक्षी फटक्याचा अंदाज बांधीत असे. जपानच्या हिरोजी सातो याने जाड स्पंजाची बॅट आणली. तिचा आवाज जवळजवळ होत नसे. मोठमोठे खेळाडू गोंधळले व सातो पुरुष एकेरीत अजिंक्य ठरला. पुढे १९५९ मध्ये बॅटच्या आवरणाच्या जाडीस नियमाने मर्यादा घालण्यात आली. स्पंजामुळे आक्रमणास वेग आला आणि बचाव करणारे खेळाडू विरळ झाले. परंतु बचाव संपला नाही. २००३ साली पॅरिस येथील जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाचा जू से-ह्यूक चॉपच्या बळावर अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला.

साहित्य.— नियमानुसार टेबल २७४ सें.मी. लांब, १५२.५ सें.मी. रुंद व ७६ सें.मी. उंच असते; जाळीची उंची १५.२५ सें.मी. असते. लाकडी टेबल नसल्यास नांदेड व लातूरकडे सहज मिळणारी शाहाबादी फरशी विटांच्या ओट्यावर समतल बसवून सरावापुरते काम भागते. तीस सें.मी. उंचीवरून सोडलेला चेंडू सुमारे २३ सें.मी. उसळावा, असा प्रमाणित टेबलाचा नियम आहे. फरशीवर उसळी थोडी निराळी येईल. ती सर्व ठिकाणी सारखी येते की नाही, एवढे अवश्य पाहावे. चेंडू ४० मि.मी. व्यासाचा, २.७ ग्रॅम वजनाचा असतो. तो वाऱ्याने सहज ढळतो; म्हणून आडोशाची जागा व सकाळची वेळ निवडावी. चॉप करणारा टेबलापासून बराच मागे खेळतो. शहरातील अरुंद खोलीत न मिळणारी ही मोकळी जागा खेड्यातील शाळेच्या व्हरांड्यात किंवा अंगणात असते.

प्रारंभी साधी दाणेदार रबराची बॅट पुरेशी आहे. लांब दाण्यांचे रबर समोरून आलेली फिरकी बरीचशी तशीच परत पाठविते; ते हात बसल्यानंतरच द्यावे. उन्हाळ्यात बॅट पत्र्याच्या खोलीत ठेवू नये. उष्णतेने रबर कडक होते. ओल्या फडक्याने पुसून ती सावलीत वाळवावी.

तत्त्व.— चॉपमध्ये बॅट वरून खाली व पुढे जाते आणि चेंडूच्या मागील-खालील भागास घासते. त्यामुळे चेंडूस उलट फिरकी मिळते. असा चेंडू हवेत तरंगत जातो व टप्प्यानंतर मंदावतो. प्रतिपक्ष्याने बॅट सरळ धरून मारल्यास तो जाळीत जातो. अर्ध्या चेंडूस शाई लावून फिरकी मुलांना प्रत्यक्ष दाखवावी.

कृती.—
१. हस्तांदोलन करावे त्याप्रमाणे बॅट धरावी. मूठ आवळू नये.
२. उजव्या बाजूच्या चॉपसाठी उजवा पाय मागे घ्यावा व गुडघे किंचित वाकवावे. डाव्या बाजूसाठी डावा पाय मागे घ्यावा. (डावखुऱ्या मुलांसाठी याच्या उलट.)
३. बॅट खांद्याच्या उंचीस न्यावी. तिचे तोंड किंचित वर असावे.
४. चेंडू उतरू लागून कमरेच्या उंचीस आला म्हणजे कोपरापासून हात खाली-पुढे न्यावा.
५. फटक्यानंतर लगेच मध्यभागी परतावे.

सराव.— टेबल एक व मुले चाळीस, ही अडचण सर्वांचीच आहे. म्हणून पहिला सराव जमिनीवर घ्यावा. चेंडू हातातून सोडून असा घासून मारावा की तो पुढे पडून आपल्याकडे परत येईल. हे साधले की फिरकी समजली. नंतर एकाने चेंडू हाताने टाकावा व दुसऱ्याने चॉप करावा. शेवटी जाळीच्या वर वीतभर अंतरावर सुतळी बांधून चेंडू मधून काढण्यास सांगावे.

चुका व दुरुस्ती.— चेंडू उंच गेल्यास बॅटचे तोंड फार उघडे असते. ते थोडे मिटवावे. जाळीत गेल्यास हात लाकूड तोडल्याप्रमाणे सरळ खाली येतो. तो पुढे न्यावयास लावावा. चेंडू उतरण्याआधी घाई करणाऱ्यास ‘थांब, मग मार’ एवढेच सांगावे.

मूल्यमापन.— जिंकलेल्या गुणांवरून नव्हे, तर जोडीने न चुकता किती फटके परतविले यावरून गुण द्यावेत. या मोजणीत दोघे एकमेकांचे प्रतिपक्षी नसून सोबती ठरतात. काल भिंतीशी उभे असलेले मूल आज वीस चेंडू धीराने परतविते, असे शिक्षकास आढळले तर पाठाचा हेतू साधला, असे समजावे.