डिझेल घ्यायचं की गॅस?

अगं, डीलरकडे पैसे भरायच्या आधी माझं जरा ऐक. तुझ्या नवऱ्याचं मन डिझेलवर बसलंय, हे मला ठाऊक आहे. एफ-२५० ट्रकमध्ये ६.७ लिटरचं डिझेल १०५० पाउंड-फूट टॉर्क देतं आणि ७.३ लिटरचं गॅस, म्हणजे पेट्रोलचं, इंजिन ४८५. हे आकडे ऐकून कुणीही भुलेल गं. पण तुम्हाला ओढायचंय काय? सात हजार पाउंडांचा कॅम्पर, तोही उन्हाळ्यातले मोजके शनिवार-रविवार. एरवी ट्रक जाणार मुलांच्या शाळेत, नाहीतर इंडियन स्टोअरला.

या छोट्या फेऱ्या डिझेलला मुळीच मानवत नाहीत. धुरातली काजळी डीपीएफ नावाच्या फिल्टरमध्ये अडकते आणि ती जळून जायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो. दोन-चार मैलांत तो तापतच नाही. मग फिल्टर चोंदतो आणि खर्चात पाडतो. शिवाय एक्झॉस्टसाठीचं डीईएफ नावाचं द्रावण भरत राहायचं, कडाक्याच्या थंडीत रात्री ब्लॉक हीटर लावायचा. आणि एवढ्यासाठी वर दहा हजार डॉलरच्या आसपास मोजायचे!

डेन्व्हरहून आय-७० ने आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना मात्र डिझेलची खरी किंमत कळते. तिथे तुम्ही ११,००० फुटांवर असता. टर्बो नसलेलं गॅस इंजिन दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे वर पोचेपर्यंत जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. डिझेलचा टर्बो विरळ हवेतही दम टिकवतो, आणि उतारावर एक्झॉस्ट ब्रेक गाडी धरून ठेवतो. दर आठवड्याला घोड्यांचा जड ट्रेलर घेऊन घाट चढणार असतीस, तर मीच म्हटलं असतं, डिझेल घे. तुमच्या कॅम्परला मात्र गॅस इंजिनची उरलेली ताकदही पुरते. उजव्या लेनमधून सावकाश चढा.

आणखी एक, आणि हे कुणी सांगत नाही. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर पिवळं-पांढरं स्टिकर दिसेल. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते त्यावर लिहिलेलं असतं. कॅम्परचा दहा ते पंधरा टक्के भार हिचवर येतो, म्हणजे ७०० ते १०५० पाउंड, आणि तोही त्यातच धरायचा. डिझेल इंजिन मुळात जड, त्यामुळे त्याच ट्रकमध्ये हा आकडा बऱ्याचदा काहीशे पाउंडांनी घटतो. तुम्ही चौघं, कुत्रा, कूलर, सायकली... बसेल का सगळं?

उद्या टेस्ट ड्राइव्हला जाशील तेव्हा दोन्ही ट्रकच्या स्टिकरचे फोटो पाठव. सही करण्याआधी आपण दोघी बेरीज करू.