पदर कोणाचा?

चि. मन्यास,


माणूस चांगला आहे हे कशावरून ठरतं, असं तू विचारलंस आणि खाली स्वतःच यादीही जोडलीस: सत्य, दया, निर्लोभीपणा, सेवा. यादीला माझी हरकत नाही. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे सव्वीस गुण मोजलेत, त्यात तुझे बहुतेक सगळे येऊन जातात. पण यादी पाठ असलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, त्यामुळे तिच्यावर फार विसंबत नाही. कोथरुडात जन्म गेला, तेव्हा रोज ज्यांच्या नावाच्या रस्त्याने भाजीला जाते त्या अण्णांबद्दलच लिहिते.

धोंडो केशव कर्वे म्हणजे बुजरा, सभेत बोलायला कचरणारा गणिताचा मास्तर. आगरकरांसारखी धारदार लेखणी त्यांच्याकडे नव्हती. 1893 साली त्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी लग्न केलं आणि त्यांच्या गावाने, मुरुडकरांनी, त्यांना वाळीत टाकलं. लोकांच्या लक्षात राहतो तो हा प्रसंग. मला मात्र पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. 1896 साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि 1900 मध्ये तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेला. अण्णा फर्ग्युसनमध्ये शिकवायचे. कॉलेज सुटलं की चालत हिंगण्याला जायचे आणि सकाळी पुन्हा चालत कॉलेजात यायचे. आज डोक्यावरून मेट्रो जाते तिथे तेव्हा धड रस्ताही नव्हता, पावसाळ्यात तर नुसता चिखल. महिला विद्यापीठ निघालं 1916 मध्ये, भारतरत्न मिळालं 1958 मध्ये, वयाची शंभरी गाठल्यावर. हिंगण्याच्या वाटेवर हार घेऊन कोणी उभं नव्हतं.

तू लिहितोस, काही दिवस रात्रशाळेत शिकवायला जायचं अगदी जिवावर येतं, तरी जातो, मग हे ढोंग नाही का? नाही रे. अण्णांनाही एखाद्या संध्याकाळी पाय ओढत जावं लागलं असेलच. मनातून उमाळा आला तरच काम खरं, हे तुमच्या पिढीचं खूळ आहे. (आमच्या पिढीची वेगळी होती, ती पुन्हा कधी.) समोरच्या पोराला त्रैराशिक समजलं की नाही, एवढं त्या दिवसापुरतं पुरे. करता करता अंगवळणी पडतं आणि मग ढोंग की खरं हा प्रश्न आपोआप मागे पडतो.

इथवर तुझी बाजू घेतली. आता दुसरी बाजू.

अण्णांनी आपला आयुष्याचा विमासुद्धा आश्रमाला देऊन टाकला. आपण हे वाचतो आणि हात जोडतो. पण घरात गोदूबाई होत्या, ज्यांना सगळे बाया म्हणत, आणि मुलं होती. नवऱ्याचं बरंवाईट झालं तर त्यांनी काय करायचं? शिवाय बाया पुनर्विवाहित. त्या आश्रमात वावरताना दिसल्या तर लोक आपल्या विधवा मुली पाठवायचे नाहीत, म्हणून सुरुवातीला त्यांना तिथून दूरच राहावं लागलं. ज्या लग्नामुळे अण्णांना सुधारक म्हटलं गेलं, त्या लग्नाची बायको आश्रमाच्या बाहेर! बायांनी 'माझे पुराण' लिहिलंय, त्यात त्या असल्या गोष्टी आडपडदा न ठेवता सांगतात. अण्णा मोठे होतेच, ते पुस्तक वाचून लहान होत नाहीत. पण दान कोणी केलं आणि पदर कोणाचा फाटला, हे दोन्ही एकत्र वाचावं असं मला वाटतं.

ताईच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी तुमच्याकडे राहिले होते, आठवतं? एका रात्री तू दहा वाजता आलास. रिक्षा चालवणाऱ्या त्या विद्यार्थ्याला अपूर्णांक जमले म्हणून तुझा चेहरा फुलला होता. सूनबाईने ऑफिसातून येऊन ताईचा व्यायाम करून घेतला होता, शेकायची पिशवी भरून दिली होती आणि आता ती तुझ्यासाठी आमटी पुन्हा गरम करत होती. तू जेवतानाही त्या पोराबद्दलच बोलत होतास. ताट तसंच ठेवून वह्या तपासायला आत गेलास. तिने ताट उचललं, ओटा पुसला, सकाळची मटकी भिजत घातली. चिडली नव्हती ती, नुसती दमली होती. तुझ्या पत्रात रात्रशाळा दीड पान आहे. ती दोन ओळींत, 'तिचाही पाठिंबा आहे' म्हणून.

तो पाठिंबा तू कधी मागितला होतास का? मला तरी वाटतं, गृहीत धरलास. बायांनी पुढे आश्रमासाठी दारोदार फिरून वर्गणी गोळा केली, पण स्वतः होऊन. आपल्या हाताने दिलेलं आणि आपल्याकडून परस्पर काढून घेतलेलं, यात जमीनअस्मानाचं अंतर आहे. तेवढं अंतर ओळखता आलं तर तुझ्या यादीतले बाकीचे गुण कमीजास्त असले तरी मी चालवून घेईन.

म्हणून रात्रशाळा सोडू नकोस. सोडलीस तर त्याचंही खापर सूनबाईच्याच डोक्यावर फुटेल. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी घरी थांब आणि त्या कुठल्या ते तिला ठरवू दे. ताईचा व्यायाम तू करून घे, ताईची कुरकुर ऐकत. तिथे शाबासकी मिळणार नाही, उलट 'तुला नीट जमत नाही' असं ऐकावं लागेल. ते ऐकून घे. आणि अपराधी चेहरा करून फिरू नकोस, नाहीतर तुझी समजूत काढायचं आणखी एक काम सूनबाईच्या गळ्यात पडायचं.

'माझे पुराण' कुरियरने पाठवते आहे. पाकिटावर सूनबाईचं नाव घातलंय, तेव्हा आधी तिला वाचू दे. परीक्षा आटोपल्या की दोघं या. ताई जिना चढायला लागली का, तेही कळव.

तुझी
मावशी